डीपी, एसपी आणि रेम : स्क्रीनवरचे माप पिक्सेलमध्ये का देत नाहीत?

मोबाइल अ‍ॅपमधील बटण किती मोठे असावे, अक्षरे किती उंच असावीत, दोन ओळींमध्ये किती जागा सोडावी हे ठरवायला मापाचे एकक लागते. स्क्रीन ही पिक्सेल नावाच्या बारीक ठिपक्यांनी बनलेली असते. त्यामुळे सगळी मापे पिक्सेलमध्येच द्यावीत, असे सहज वाटते. परंतु पिक्सेलचा आकार ठरलेला नसतो, तो स्क्रीननुसार बदलतो. म्हणूनच एका फोनवर अंगठ्याने सहज दाबता येणारे बटण दुसऱ्या फोनवर बाजरीच्या दाण्याएवढे होऊ शकते.

ही अडचण दूर करणाऱ्या मापांना घनता-निरपेक्ष एकके म्हणता येईल. अँड्रॉइडवरील डीपी आणि एसपी, आयफोनवरील पॉइंट, वेबवरील सीएसएस पिक्सेल, ईएम आणि रेम ही त्यांतली नेहमीची नावे. यांपैकी चुकीचे एकक निवडले तर नुकसान केवळ दिसण्यापुरते राहत नाही. अक्षरे मोठी करून वाचणाऱ्या ज्येष्ठ माणसाला पैसे पाठवण्याच्या पानावर रक्कम अर्धवट दिसते, किंवा 'पुढे जा' हे बटण स्क्रीनच्या बाहेर जाते आणि व्यवहार तिथेच अडतो.

पिक्सेल हे माप का चालत नाही?

वीत किंवा हात ही जुनी मापे ज्याच्या हाताने मोजावे त्याच्याप्रमाणे बदलत. पिक्सेलचेही तसेच आहे. एका इंचात किती पिक्सेल बसतात याला स्क्रीनची घनता म्हणतात. ती पीपीआय, म्हणजे दर इंची पिक्सेल, अशी मोजतात. अँड्रॉइडच्या जगात याच अर्थाने डीपीआय हा शब्दही वापरतात.

समजा एका फोनची घनता १६० आहे आणि दुसऱ्याची ४८०. अ‍ॅपमध्ये एका बटणाची रुंदी ४८ पिक्सेल ठेवली आहे. पहिल्या फोनवर ते ४८ भागिले १६०, म्हणजे ०.३ इंच रुंद दिसेल. हे साधारण ७.६ मिलिमीटर झाले. दुसऱ्या फोनवर तेच बटण ४८ भागिले ४८०, म्हणजे ०.१ इंच, अर्थात जेमतेम २.५ मिलिमीटर होईल. बोटाचे टोक याहून कितीतरी रुंद असते. अशा बटणावर नेम धरून बोट ठेवले तरी शेजारचे बटण दाबले जाण्याचीच शक्यता जास्त.

येथे रिझोल्यूशन आणि घनता यांतील फरक लक्षात घ्यायला हवा. १०८० × १९२० हे स्क्रीनवरील एकूण पिक्सेलचे प्रमाण झाले. तेवढेच पिक्सेल पाच इंची फोनवर असतील तर ते दाटीवाटीने बसतात आणि ४३ इंची टीव्हीवर असतील तर विरळ. बटणाचा डोळ्यांना दिसणारा आकार एकूण पिक्सेलवर नाही, तर या दाटीवर अवलंबून असतो.

प्रश्न कधी उभा राहिला?

संगणकाच्या सुरुवातीच्या काळात हा प्रश्न फारसा जाणवत नसे, कारण बहुतेक स्क्रीनची घनता एकमेकींच्या जवळपास असे. १९८४ साली आलेल्या पहिल्या मॅकिंटॉशच्या स्क्रीनवर एका इंचात ७२ पिक्सेल होते. छपाईतील पॉइंट हे मापही इंचाचा साधारण बहात्तरावा भाग असल्याने स्क्रीनवरचा एक पिक्सेल आणि कागदावरचा एक पॉइंट यांचा मेळ बसत असे. विंडोजवर दर इंची ९६ हा आकडा रूढ झाला.

स्मार्टफोनमुळे हे चित्र पालटले. २००७ च्या पहिल्या आयफोनची स्क्रीन साडेतीन इंचांची, ३२० × ४८० पिक्सेलची होती आणि घनता १६३ पीपीआय होती. २०१० मध्ये आलेल्या आयफोन ४ ची स्क्रीन तेवढीच होती, पण पिक्सेल ६४० × ९६० झाले आणि घनता ३२६ वर गेली. जुनी अ‍ॅप पिक्सेलमध्ये मोजली गेली असती, तर नव्या फोनवर ती स्क्रीनच्या एका चतुर्थांश भागात आक्रसून बसली असती. अ‍ॅपलने ही अडचण पॉइंट या एककाने सोडवली. अ‍ॅपच्या दृष्टीने नव्या फोनची स्क्रीनही ३२० × ४८० पॉइंटचीच राहिली. फक्त पूर्वी एका पॉइंटच्या जागी एक पिक्सेल होता, तिथे आता दोन आडवे आणि दोन उभे असे चार पिक्सेल आले. आकार तोच राहिला आणि रेषा अधिक रेखीव झाली. २०१४ च्या आयफोन ६ प्लसपासून हे प्रमाण काही मॉडेलवर तीन पट झाले.

अँड्रॉइडपुढील प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होता. आयफोन एकच कंपनी बनवते, अँड्रॉइड फोन मात्र अनेक कंपन्या बनवतात आणि प्रत्येकीची स्क्रीन निराळी. २००८ मधील पहिला अँड्रॉइड फोन, एचटीसी ड्रीम, ३२० × ४८० पिक्सेलचा होता. २००९ मध्ये अँड्रॉइडच्या १.६ या आवृत्तीत वेगवेगळ्या आकारांच्या आणि घनतेच्या स्क्रीनसाठी सोय करण्यात आली. तेव्हापासून डीपी हे एकक अँड्रॉइड अ‍ॅप बनवणाऱ्यांच्या रोजच्या वापरात आहे.

डीपीचे गणित

डीपी म्हणजे घनता-निरपेक्ष पिक्सेल. दर इंची १६० घनतेच्या स्क्रीनवरील एका पिक्सेलएवढे माप म्हणजे १ डीपी, अशी त्याची व्याख्या आहे. इतर स्क्रीनसाठी सूत्र असे :

पिक्सेल = डीपी × (स्क्रीनची घनता ÷ १६०)

हे गणित फोन स्वतः करतो. अ‍ॅप बनवणारा फक्त 'बटण ४८ डीपी' असे सांगतो. सोयीसाठी अँड्रॉइडने घनतेचे गट पाडले आहेत. त्या गटांत ४८ डीपीचे बटण किती पिक्सेलचे होते ते पुढे दिले आहे.

- एलडीपीआय, घनता १२० : १ डीपी = ०.७५ पिक्सेल, बटण ३६ पिक्सेल
- एमडीपीआय, घनता १६० : १ डीपी = १ पिक्सेल, बटण ४८ पिक्सेल
- एचडीपीआय, घनता २४० : १ डीपी = १.५ पिक्सेल, बटण ७२ पिक्सेल
- एक्सएचडीपीआय, घनता ३२० : १ डीपी = २ पिक्सेल, बटण ९६ पिक्सेल
- एक्सएक्सएचडीपीआय, घनता ४८० : १ डीपी = ३ पिक्सेल, बटण १४४ पिक्सेल
- एक्सएक्सएक्सएचडीपीआय, घनता ६४० : १ डीपी = ४ पिक्सेल, बटण १९२ पिक्सेल

वरच्या उदाहरणातील ४८० घनतेच्या फोनवर आता बटण १४४ पिक्सेलचे होईल. १४४ भागिले ४८० म्हणजे पुन्हा ०.३ इंच. दोन्ही फोनवर बटण सारखेच दिसेल. बोटाने दाबण्याच्या प्रत्येक गोष्टीला निदान ४८ × ४८ डीपी जागा द्यावी, अशी गूगलची शिफारस आहे. अ‍ॅपलची शिफारस ४४ × ४४ पॉइंटची आहे.

डीपी म्हणजे फूटपट्टी नव्हे

डीपीची व्याख्या इंचावर आधारलेली असली तरी प्रत्यक्ष फोनवर फूटपट्टी लावली तर हिशेब तंतोतंत जुळत नाही. याचे कारण असे की फोन बनवणारी कंपनी स्क्रीनची खरी घनता जशीच्या तशी न सांगता तिच्या जवळपासचा एक सोयीचा आकडा ठरवते.

उदाहरणार्थ, १०८० × २४०० पिक्सेलच्या साडेसहा इंची स्क्रीनची खरी घनता सुमारे ४०५ येते. कंपनीने ती ४८० च्या गटात धरली तर ४८ डीपीचे बटण १४४ पिक्सेलचे होईल. पण १४४ भागिले ४०५ म्हणजे ०.३६ इंच, अर्थात सुमारे ९ मिलिमीटर. म्हणजे व्याख्येतल्या ७.६ मिलिमीटरपेक्षा ते थोडे मोठेच असेल. हा फरक वापरात खटकत नाही. मात्र स्क्रीनवर खरी मोजपट्टी दाखवायची असेल किंवा अंगठीचे माप घ्यायचे असेल, तर डीपीवर विसंबून चालत नाही.

टीव्हीवर हे आणखी स्पष्ट होते. अँड्रॉइड टीव्हीसाठी १९२० × १०८० पिक्सेलची स्क्रीन ९६० × ५४० डीपीची मानतात, म्हणजे १ डीपीला २ पिक्सेल. ४३ इंची टीव्हीची खरी घनता मात्र सुमारे ५१ असते. तिथे ४८ डीपीचे बटण जवळजवळ पावणेपाच सेंटिमीटर रुंद होते. ही चूक नाही, ते मुद्दाम केलेले असते. फोन डोळ्यांपासून हातभर अंतरावर असतो आणि टीव्ही खोलीच्या दुसऱ्या टोकाला. दूरची वस्तू लहान दिसते, म्हणून ती मुळात मोठी काढावी लागते. थोडक्यात, या एककांना वस्तूची खरी लांबी सारखी राखायची नसते, तर पाहणाऱ्याला ती सारखी दिसावी आणि सारखीच हाताळता यावी, हे पाहायचे असते.

अक्षरांसाठी एसपी

बटण, मोकळी जागा, चित्र यांसाठी डीपी पुरते. अक्षरांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मध्ये येते, ती म्हणजे वाचणाऱ्याची दृष्टी. फोनच्या सेटिंगमध्ये फॉन्टचा आकार वाढवण्याची सोय असते. चाळिशीनंतर जवळचे वाचताना त्रास होऊ लागला की अनेकजण ती वापरतात. या सेटिंगचा मान राखणारे एकक म्हणजे एसपी.

सेटिंग मूळ आकारावर असेल तेव्हा १ एसपी आणि १ डीपी सारखेच असतात. वापरणाऱ्याने अक्षरे १.३ पट केली तर १६ एसपीची अक्षरे १६ × १.३, म्हणजे २०.८ डीपीची होतात. डीपीमध्ये मोजलेली अक्षरे मात्र होती तेवढीच राहतात.

काही अ‍ॅपमध्ये अक्षरांनाही डीपी दिलेले असते. मोठ्या अक्षरांमुळे पानाची मांडणी बिघडू नये हा त्यामागचा हेतू असतो. मांडणी टिकते खरी, पण ज्याच्यासाठी ती सोय केली त्यालाच वाचता येत नाही. याच्या उलट चूकही होते. अक्षरे एसपीमध्ये असतात, पण ती ज्या चौकटीत बसवली तिची उंची डीपीमध्ये पक्की केलेली असते. अक्षरे वाढतात, चौकट वाढत नाही आणि मजकूर कापला जातो. यावर साधा उपाय म्हणजे चौकटीला ठरलेली उंची न देता फक्त कमीत कमी उंची द्यायची आणि मजकूर वाढला तर तिला वाढू द्यायचे.

२०२३ मधील अँड्रॉइड १४ मध्ये अक्षरे २०० टक्क्यांपर्यंत वाढवण्याची सोय आली. सगळी अक्षरे एकाच पटीत वाढली तर आधीच मोठी असलेली शीर्षके स्क्रीन व्यापून टाकतील. म्हणून या पद्धतीत लहान अक्षरे जास्त वाढतात आणि मोठी अक्षरे त्या मानाने कमी.

फॉन्टच्या आकाराशेजारीच बहुतेक फोनमध्ये 'डिस्प्लेचा आकार' अशी दुसरी सेटिंग असते. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून ती आली. ती बदलली की फोन आपली घनता वेगळी मानू लागतो, त्यामुळे अक्षरे, बटणे, चित्रे असे सगळेच लहान किंवा मोठे होते. ज्यांना अक्षरे दिसतात पण बटण नीट दाबता येत नाही, त्यांना ही दुसरी सेटिंग अधिक उपयोगी पडते.

वेबवरचा पिक्सेल

वेबपानांची मांडणी ज्या सीएसएस भाषेत लिहितात, तिच्यातही पिक्सेल हे एकक आहे. पण हा पिक्सेल म्हणजे स्क्रीनवरचा खरा ठिपका नव्हे. सीएसएसमध्ये १ इंच म्हणजे ९६ पिक्सेल आणि ७२ पॉइंट असे प्रमाण ठरलेले आहे. त्यामुळे तिथे १२ पॉइंट आणि १६ पिक्सेल हे एकच माप होते.

या पिक्सेलची व्याख्या पाहण्याच्या कोनावर केलेली आहे. दर इंची ९६ पिक्सेलची स्क्रीन २८ इंचांवर, म्हणजे साधारण ७१ सेंटिमीटरवर ठेवली तर तिच्यावरचा एक पिक्सेल डोळ्यांशी जेवढा कोन करील, तो संदर्भ-पिक्सेल. या अंतरावर तो सुमारे ०.२६ मिलिमीटरचा असतो. साडेतीन मीटरवरून पाहण्याच्या स्क्रीनवर तेवढाच कोन होण्यासाठी तो १.३ मिलिमीटरचा लागतो. टीव्हीच्या उदाहरणात दिसलेले तत्त्व येथे व्याख्येतच आले आहे. आजच्या अनेक फोनवर एका सीएसएस पिक्सेलच्या जागी तीन आडवे आणि तीन उभे, असे नऊ खरे पिक्सेल असतात.

अक्षरांसाठी वेबवर ईएम आणि रेम ही एकके सोयीची ठरतात. १ ईएम म्हणजे त्या जागी चालू असलेला अक्षरांचा आकार, तर १ रेम म्हणजे संपूर्ण पानाचा मूळ आकार. ब्राउझरमध्ये हा मूळ आकार सहसा १६ पिक्सेल असतो. ईएममध्ये एकात एक चौकटी आल्या की गुणाकार होत जातो. प्रत्येक चौकटीला १.२ ईएम दिले तर १६ चे १९.२, मग २३.०४ आणि तिसऱ्या पायरीला २७.६ पिक्सेल होतात. रेम नेहमी मुळाशीच मोजले जात असल्याने ही वाढ होत नाही.

रेमचा खरा फायदा वाचणाऱ्याला होतो. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये कोणी मूळ आकार १६ ऐवजी २० केला, तर रेममधील सर्व अक्षरे त्या प्रमाणात वाढतात. पिक्सेलमध्ये दिलेली अक्षरे या सेटिंगला दाद देत नाहीत. झूम केल्यावर ती मोठी होतात, पण ते दर वेळी हाताने करावे लागते.

व्हीडब्ल्यू या एककाने माप ब्राउझरच्या खिडकीच्या रुंदीशी बांधले जाते. १ व्हीडब्ल्यू म्हणजे रुंदीचा शंभरावा भाग. मोठ्या चित्रांसाठी ते उपयोगी आहे. मात्र अक्षरांचा आकार फक्त याच एककात दिला तर संगणकावर झूम करूनही अक्षरे वाढत नाहीत, कारण झूमबरोबर खिडकीची मानलेली रुंदी कमी होते आणि हिशेब पुन्हा तिथेच येतो. वेबवरील सुलभतेचे डब्ल्यूसीएजी हे आंतरराष्ट्रीय मानक सांगते की, मजकूर २०० टक्क्यांपर्यंत वाढवला तरी पानावरील माहिती आणि सोयी वापरता आल्या पाहिजेत.

देवनागरी मजकुराची जादा गरज

इंग्रजीसाठी आखलेली चौकट मराठीला पुरेलच असे नसते. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार येतात, तर खाली उकार, ऋकार आणि काही जोडाक्षरांचे भाग. त्यामुळे त्याच एसपी आकाराच्या ओळीला उभी जागा जास्त लागते. ओळीची उंची आखडती ठेवली की आधी टोके कापली जातात, आणि अनुस्वार गेला की 'चिंता'ची 'चिता' होते.

रुंदीतही फरक पडतो. 'ओके'च्या जागी 'ठीक आहे' येते, 'सबमिट'च्या जागी 'सादर करा'. बटणाची रुंदी इंग्रजी शब्दावरून पक्की केली असेल तर मराठी शब्द अर्धा कापला जातो किंवा त्याच्या शेवटी तीन टिंबे येतात. एकके बरोबर असूनही मराठी अ‍ॅप अडखळत असेल, तर ठरलेली उंची आणि ठरलेली रुंदी ही दोन कारणे आधी तपासावीत.

चित्रे आणि बारीक रेषा

अक्षरे आणि रंगाची बटणे प्रत्येक स्क्रीनवर नव्याने रेखाटली जातात, म्हणून ती कायम रेखीव दिसतात. फोटोसारखी चित्रे ठरलेल्या पिक्सेलची असतात आणि ताणली की धूसर होतात. त्यासाठी अ‍ॅपमध्ये एकाच चित्राच्या निरनिराळ्या घनतेच्या प्रती ठेवतात. अ‍ॅपचे चिन्ह एमडीपीआयसाठी ४८ पिक्सेलचे असेल, तर एक्सएक्सएक्सएचडीपीआयसाठी १९२ पिक्सेलचे लागते. साध्या चिन्हांसाठी एसव्हीजीसारखे व्हेक्टर चित्र अधिक सोयीचे असते. त्यात ठिपके नव्हे, तर रेषांचे वर्णन साठवलेले असल्याने एकच प्रत सगळीकडे चालते.

अगदी बारीक रेषांची वेगळी अडचण आहे. १ डीपीची रेषा २४० घनतेच्या स्क्रीनवर दीड पिक्सेलची होते, पण अर्धा पिक्सेल रंगवता येत नाही. फोनला एक किंवा दोन पिक्सेल निवडावे लागतात, नाहीतर कडेला फिकट छटा द्यावी लागते.

कोणते एकक कुठे वापरावे?

- अँड्रॉइडवर बटणे, मोकळी जागा आणि चित्रांसाठी डीपी, अक्षरांसाठी एसपी.
- आयफोनवर मांडणीसाठी पॉइंट. अक्षरांसाठी वापरणाऱ्याच्या सेटिंगप्रमाणे बदलणाऱ्या तयार शैली.
- वेबवर अक्षरांसाठी रेम, अक्षरांच्या प्रमाणात राहायच्या जागेसाठी ईएम, बारीक किनारीसाठी पिक्सेल.
- छापायच्या पानासाठी पॉइंट किंवा मिलिमीटर.

मापे बरोबर दिली आहेत का हे पाहण्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. फोनमधील फॉन्टचा आकार आणि डिस्प्लेचा आकार दोन्ही सर्वांत मोठे करावेत, भाषा मराठी ठेवावी आणि अ‍ॅपमधील सर्वांत महत्त्वाचे काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून पाहावे. प्रत्येक आकडा पूर्ण वाचता आला, प्रत्येक बटण स्क्रीनवर राहिले आणि ते पहिल्याच वेळी नीट दाबता आले, तर मापे योग्य आहेत असे समजायला हरकत नाही.